मंत्रिमंडळाची लेखणी

तलाठी कोण, तहसीलदार कोण, कलेक्टर कोण, हे आपल्याकडे कोणीही सांगेल. सातबाऱ्यासाठी कोणाचे दार ठोठवायचे आणि दाखल्यावर कोणाची सही लागते, हे अनुभवाने पाठ झालेले असते. राज्याच्या मुख्य सचिवांचे नावही वर्तमानपत्रात अधूनमधून वाचायला मिळते. पण या साऱ्या उतरंडीच्या टोकाला, दिल्लीत, जो अधिकारी बसतो त्याच्याविषयी आपल्याला फारशी माहिती नसते. त्याला मंत्रिमंडळ सचिव म्हणतात. इंग्रजीतला ‘कॅबिनेट सेक्रेटरी’ तो हाच. देशातला हा सर्वांत ज्येष्ठ सनदी अधिकारी. राजशिष्टाचाराच्या क्रमवारीत त्याचा क्रमांक अकरावा लागतो. सातव्या वेतन आयोगाने त्याचे मूळ वेतन दरमहा अडीच लाख रुपये ठरवले. तिन्ही सेनादलांच्या प्रमुखांनाही तेवढेच वेतन आहे.

गंमत अशी, की एवढ्या मोठ्या माणसाच्या हाताखाली तुमचा-आमचा रोजचा संबंध येईल असे एकही खाते नाही. शेती नाही, रेल्वे नाही, शाळा नाहीत. तो कोणाला परवाना देत नाही की जमीन देत नाही. मग तो करतो तरी काय? थोडक्यात सांगायचे तर, देशाचे सरकार जे ठरवते ते सर्व संबंधितांना विचारून, सर्वांनी मिळून ठरवले आहे ना, आणि ठरलेले नीट कागदावर उतरले आहे ना, हे तो पाहतो. ऐकायला हे काम कारकुनी वाटते. पण या कारकुनीवर किती काही अवलंबून असते, तेच आज आपल्याला पाहायचे आहे.

ज्यांनी ग्रामपंचायतीचे किंवा सहकारी सोसायटीचे कामकाज जवळून पाहिले आहे, त्यांना हे लगेच पटेल. सभेत तासन् तास बोलणे होते, आवाज चढतात. पण शेवटी प्रोसिडिंग बुकात जे लिहिले जाते तेच खरे. त्या वहीत दोन ओळी कोऱ्या सोडल्या, की पुढे त्या ओळींत काय भरले जाईल याची शाश्वती नसते. म्हणून जाणता सभासद सभा संपल्यावर आधी वही बघायला मागतो. देशाच्या मंत्रिमंडळाचीही अशी एक वही असते, आणि ती मंत्रिमंडळ सचिवाकडे असते.

लिहिणाऱ्याचे हे महत्त्व आपल्याला नवे नाही. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सुरनीस आणि वाकनीस अशी दोन पदे होती. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, त्यांना संस्कृत नावे मिळाली. सुरनिसाचा ‘सचिव’ झाला आणि वाकनिसाचा ‘मंत्री’. राजपत्रे तपासून त्यांतला मजकूर बरोबर आहे ना, हे पाहणे सचिवाचे काम होते. दैनंदिन घडामोडींची नोंद मंत्र्याकडे होती. राज्य चालवायचे तर लढणारा जसा लागतो तसाच लिहून ठेवणाराही लागतो, ही समज त्यात होती.

विलायतेत मात्र ही समज उशिरा आली. ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त १९१६ पर्यंत ठेवलेच जात नसे. बैठकीनंतर पंतप्रधान राजाला पत्र लिहून हकिगत कळवत, एवढीच काय ती नोंद. बैठकीहून परतलेल्या मंत्र्यांना नक्की काय ठरले हे सांगता येऊ नये, असेही प्रसंग येत. शांततेच्या काळात हा ढिसाळपणा खपून गेला. पहिल्या महायुद्धात तो परवडेना. डिसेंबर १९१६ मध्ये लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले आणि त्यांनी युद्धमंत्रिमंडळासाठी सचिवालय उभे केले. मॉरिस हँकी हे त्याचे पहिले सचिव. विषयपत्रिका आधी वाटायची, निर्णय लिहायचा, तो संबंधित खात्याला कळवायचा आणि त्याचे पुढे काय झाले ते विचारायचे, ही पद्धत त्यांनी घालून दिली. ते १९३८ पर्यंत त्या पदावर राहिले.

आपल्याकडे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सचिवालय होते. सप्टेंबर १९४६ मध्ये अंतरिम सरकार आले आणि त्या सचिवालयाचे मंत्रिमंडळ सचिवालय झाले. प्रजासत्ताकाच्या मंत्रिमंडळ सचिवांची यादी फेब्रुवारी १९५० मध्ये एन. आर. पिल्लई यांच्या नावाने सुरू होते. दुसरे नाव मराठी आहे, यशवंत नारायण सुखठणकर यांचे. १९५३ ते १९५७ अशी चार वर्षे ते पदावर होते आणि नंतर ओडिशाचे राज्यपाल झाले.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. राज्यघटनेच्या ७७ व्या कलमाखाली १९६१ मध्ये दोन नियमावल्या करण्यात आल्या. कोणते काम कोणत्या खात्याचे हे पहिली सांगते. निर्णय कोणी, कोणाला विचारून, कोणत्या पायरीवर घ्यायचा हे दुसरी सांगते. या नियमांचा सांभाळ मंत्रिमंडळ सचिवालयाकडे आहे.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. समजा, कांदा महाग झाला आहे आणि निर्यातीवर बंधन घालावे की नाही, असा प्रश्न आला. ग्राहकांचे हित पाहणारे खाते म्हणणार, बंधन घाला, दिल्लीच्या बाजारात भाव उतरले पाहिजेत. कृषी खाते म्हणणार, लासलगावच्या शेतकऱ्याला यंदा कुठे दोन पैसे सुटत आहेत, त्याचे काय? वाणिज्य खाते म्हणणार, आज माल थांबवला तर परदेशी गिऱ्हाईक कायमचे दुसरीकडे जाईल. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. अशा वेळी एका खात्याने दुसऱ्याला न विचारता हुकूम काढला, तर तो निर्णय सरकारचा राहत नाही, एका खात्याचा होतो. म्हणून नियम असा, की मंत्रिमंडळापुढे जाणाऱ्या टिप्पणीत संबंधित खात्यांचे अभिप्राय आले पाहिजेत, विरोधी अभिप्रायसुद्धा. खात्यांचे जमत नसेल तर मंत्रिमंडळ सचिव त्यांच्या सचिवांना एका टेबलाशी बसवतो. या बैठकीला सचिवांची समिती म्हणतात. बरीच भांडणे तिथेच मिटतात. जी मिटत नाहीत, ती मंत्र्यांपुढे जाताना निदान दोन्ही बाजू स्वच्छ मांडलेल्या असतात.

निर्णय अर्थातच मंत्री घेतात. लोकांनी निवडून दिले आहे ते त्यांना. बैठकीत मंत्रिमंडळ सचिव हजर असतो, पण त्याला मत नसते. निर्णय झाला की तो नेमक्या शब्दांत लिहून काढायचा आणि ज्या खात्याने तो अमलात आणायचा त्याच्याकडे पोचवायचा, हे त्याचे काम. त्याखेरीज ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या नेमणुकांविषयी शिफारस करणाऱ्या मंडळाचा तो अध्यक्ष असतो. मोठे वादळ आले, महापूर आला, तर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन कामात केंद्राची खाती आणि राज्ये यांचा मेळ घालणारी जी वरिष्ठ समिती बसते, तीही त्याच्याच अध्यक्षतेखाली. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, राज्यांच्या मुख्य सचिवांशी दूरदृश्य बैठका घेण्याचे काम याच खुर्चीकडे होते.

ही यंत्रणा सुरळीत चालते तेव्हा ती कोणाच्या लक्षातही येत नाही. ती बाजूला सारली गेली, की तिची किंमत कळते. त्यासाठी जून १९७५ मधल्या एका रात्रीकडे जायला हवे.

२५ जूनच्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना पत्र पाठवले आणि अंतर्गत आणीबाणी जाहीर करण्याची शिफारस केली. हा विषय मंत्रिमंडळापुढे नेला असता, पण आज रात्री ते शक्य नाही, म्हणून नियमाला अपवाद करीत आहे, असा त्या पत्राचा आशय होता. राष्ट्रपतींनी त्याच रात्री सही केली. त्या वेळी मंत्रिमंडळ सचिव होते बी. डी. पांडे. सकाळी सहाला मंत्रिमंडळाची बैठक आहे, असा पंतप्रधानांच्या निवासस्थानाहून त्यांना फोन आला तो पहाटे साडेचारच्या सुमारास. पुढे शहा आयोगापुढे हे नोंदले गेले. म्हणजे देशातल्या कोट्यवधी लोकांचे मूलभूत हक्क स्थगित करणाऱ्या घोषणेवर सही झाली, अटकसत्र सुरू झाले, आणि ज्या माणसाने तो विषय मंत्रिमंडळापुढे आणायचा त्याला तोवर कोणी विचारले नव्हते. सकाळी मंत्री जमले. त्यांच्यापुढे जे आले ते झालेले काम होते. त्यांनी त्याला मंजुरी दिली.

सरकारी भाषेत याला ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हणतात. काम आधी, परवानगी मागाहून. एखाद्या गावात पुलाचा कठडा कोसळला आणि अभियंत्याने परवानगीची वाट न पाहता दुरुस्ती केली, तर कार्योत्तर मंजुरी योग्यच आहे. पण साऱ्या देशाचे स्वातंत्र्य बांधून ठेवायचे आणि सकाळी सहाला त्याला मंजुरी घ्यायची, हा वेगळाच प्रकार झाला.

समजा, नियमाप्रमाणे त्या रात्री बैठक बोलावली असती, टिप्पणी फिरवली असती, गृहखात्याचा आणि विधी खात्याचा लेखी अभिप्राय मागवला असता, तर आणीबाणी टळली असती का? कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. सकाळी जमलेल्या मंत्र्यांनी विरोध केला नाही, मग रात्री केला असता असे तरी का मानावे? पण एक मात्र खरे. टिप्पणी लिहायची म्हटले की कारण लिहावे लागते. कारण लिहिले की ते दुसरा वाचतो. वाचणारा प्रश्न विचारतो. या प्रत्येक पायरीवर कोणीतरी ‘थांबा’ म्हणण्याची शक्यता असते. त्या रात्री या पायऱ्याच काढून टाकल्या गेल्या होत्या.

हा धडा घटनेत लिहिला गेला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ३५२ व्या कलमात अट घातली, की केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणीची घोषणा करू नये. आश्चर्य वाटेल, पण तोवर आपल्या घटनेत ‘मंत्रिमंडळ’ हा शब्दच नव्हता, मंत्रिपरिषद होती. तो शब्द आला तो या ‘लेखी’ शब्दाचा हात धरून.

मात्र अपवाद करण्याची मुभा देणारा तो १२ वा नियम काही गेला नाही. तो आजही पुस्तकात आहे आणि महाराष्ट्राने तो अगदी जवळून पाहिला आहे. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली. ती २३ नोव्हेंबरला पहाटे पावणेसहाच्या सुमारास उठली आणि सकाळी आठच्या आसपास राजभवनात शपथविधी झाला. राष्ट्रपती राजवट उठवण्यासाठी मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती. पंतप्रधानांनी १२ व्या नियमाचा आधार घेतला आणि मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घेतली गेली. नियमात ते बसत होते. आणीबाणी आणि राष्ट्रपती राजवट उठवणे या गोष्टी एका तराजूत तोलता येणार नाहीत, हेही मान्य. तरी आपण झोपेतून उठायच्या आत आपल्या राज्याची राजवट बदलते आणि मंत्रिमंडळाची वही नंतर उघडली जाते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या खुर्चीपुढे आणखी एक अडचण आहे. मंत्रिमंडळ सचिव हा साऱ्या मंत्रिमंडळाचा सचिव. पण पंतप्रधानांचे स्वतःचे कार्यालयही असते. लालबहादूर शास्त्रींनी १९६४ मध्ये एल. के. झा यांना आणले, तेव्हापासून त्या कार्यालयाचे वजन वाढू लागले. इंदिरा गांधींच्या काळात पी. एन. हक्सर यांनी ते आणखी वाढवले. १९९८ मध्ये ब्रजेश मिश्र प्रधान सचिव आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अशी दोन्ही पदे सांभाळू लागले. २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या प्रधान सचिवांना कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा मिळाला. पक्ष बदलले, पंतप्रधान बदलले, पण ओघ एकाच दिशेचा राहिला. याचे समर्थनही करता येते. लोक मत देतात ते पंतप्रधानांकडे पाहून, मग त्यांच्या हाती कामाची साधने नकोत का? जरूर हवीत. प्रश्न एवढाच, की सगळे निर्णय एकाच दारातून जाऊ लागले तर त्या दाराबाहेरच्या खात्याची अडचण ऐकणार कोण?

आपले भालचंद्र गोपाळ देशमुख यांनी ही दोन्ही दारे आतून पाहिली होती. महाराष्ट्रातून दिल्लीला गेलेले देशमुख १९८६ ते १९८९ मंत्रिमंडळ सचिव होते. लगेच ते राजीव गांधींचे प्रधान सचिव झाले, आणि सरकार बदलल्यावर विश्वनाथ प्रताप सिंह यांनीही त्यांना त्या जागी ठेवले. त्यांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. पुण्यापासून पंतप्रधान कार्यालयापर्यंतचा प्रवास असे त्या पुस्तकाच्या नावातच आहे. प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ते वाचावे. त्यांच्यामागून मंत्रिमंडळ सचिव झालेल्या टी. एन. शेषन यांचा अनुभव मात्र उलटा. १९८९ च्या मार्चमध्ये ते पदावर आले आणि सरकार बदलल्यावर डिसेंबरमध्येच त्यांना नियोजन आयोगावर पाठवण्यात आले. निवडणूक आयुक्त म्हणून सारा देश त्यांना ओळखू लागला तो त्यानंतर.

यावरून एक गोष्ट कळते. या पदाला घटनेचे संरक्षण नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकाला किंवा मुख्य निवडणूक आयुक्ताला सहज हटवता येत नाही, मंत्रिमंडळ सचिवाला येते. आता निदान दोन वर्षांची मुदत आहे. पण मुदतवाढ देणे सरकारच्या हाती असते. अजित सेठ चार वर्षे राहिले. राजीव गौबा यांना नियम शिथिल करून वाढ मिळाली आणि ते २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षे राहिले. मग ३० ऑगस्ट २०२४ रोजी टी. व्ही. सोमनाथन यांनी सूत्रे घेतली. माणूस अनुभवी असेल तर त्याला अधिक काळ ठेवणे शहाणपणाचे असेल. पण ज्याची पुढची नेमणूक ज्यांच्या मर्जीवर आहे, त्यांनाच ‘हे नियमात बसत नाही’ असे सांगायचे, ही गोष्ट सोपी नाही. आणि जाता जाता सांगायला हवे, की १९५० पासून २०२४ पर्यंत या पदावर नेमलेल्यांत एकही महिला नाही. महाराष्ट्राला पहिल्या महिला मुख्य सचिव, सुजाता सौनिक, मिळाल्या त्याही २०२४ मध्ये.

मग या माणसाच्या हातात असते काय? पुन्हा तेच, लेखणी. हे एका माजी मंत्रिमंडळ सचिवानेच न्यायालयात जाऊन सिद्ध केले. टी. एस. आर. सुब्रमण्यन १९९६ ते १९९८ या काळात पदावर होते. त्या दोन वर्षांत देवेगौडा, गुजराल आणि वाजपेयी असे पंतप्रधान झाले. निवृत्तीनंतर त्यांनी आणि ऐंशीहून अधिक माजी अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी निकाल लागला. अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत द्या, बदल्यांसाठी नागरी सेवा मंडळे नेमा, आणि अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, ते लेखी नोंदवून घ्यावेत, असे न्यायालयाने सांगितले. खरे तर तोंडी आदेश लेखी करून घेण्याचा नियम १९६८ पासून होताच. ‘साहेबांचा फोन आला होता’ या चार शब्दांवर किती फायली हलतात, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला विचारा. काम अंगाशी आले की फोन करणाऱ्याला काही आठवत नाही आणि सही करणारा अडकतो. लेखी मागण्याची हिंमत वरच्या माणसाने दाखवली, तर ती तलाठ्यापर्यंत झिरपते. वरच्यानेच मान डोलावली, तर खालच्याकडून काय अपेक्षा करणार?

या साऱ्याचा तुमच्या-माझ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने मंत्रिमंडळाची कागदपत्रे विचारविनिमय चालू असेपर्यंत गोपनीय ठेवली आहेत, आणि ते योग्यही आहे. मंत्र्यांना मोकळेपणाने बोलता आले पाहिजे. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की निर्णय होऊन प्रकरण पूर्ण झाल्यावर तो निर्णय, त्याची कारणे आणि ज्या माहितीच्या आधारे तो घेतला ती सामग्री जाहीर करावी. कायद्यातल्या इतर अपवादांची कात्री त्याला लागते खरी. पण दार आहे. आणि त्या दाराशी नागरिक गेला, तर त्याच्या हाती पडेल ते आधी कोणीतरी लिहून ठेवलेलेच. कारणे लिहिलीच नसतील, विरोधी अभिप्राय मागवलाच नसेल, तर उद्या अर्ज करून मिळणार काय?

म्हणून पुढच्या वेळी ‘मंत्रिमंडळाचा मोठा निर्णय’ अशी बातमी वाचाल, तेव्हा निर्णय पटला की नाही पटला एवढ्यावर थांबू नका. कोणत्या खात्याने काय मत दिले होते, टिप्पणी कधी फिरली, बैठक आधी झाली की मंजुरी मागाहून आली, हेही विचारा. सोसायटीच्या सभेत आपण वही बघायला मागतोच की. ही वहीसुद्धा आपलीच आहे.